धोंडाईचा विस्तव

भुताखेतांवर माझा विश्वास नाही, असं मी नुसतं म्हणत नाही. तरुणपणी ते सांगत फिरणं ही माझी ड्युटीच होती! मी मिशनचा उपदेशक. मुंजा नाही, हडळ नाही, अंगात येणं सगळं झूट, असं घसा कोरडा पडेपर्यंत सांगायचो. त्यामुळे या सदरातले अनुभव वाचताना मला बहुतेक वेळा हसूच येतं. माझ्या गोष्टीत पांढरी साडी नाही, उलटे पाय नाहीत, अमावास्या तर नाहीच. दिवसाढवळ्या घडलेली गोष्ट आहे आणि तिच्यात फक्त एक चूल आहे. ती आठवली की मला भीती वाटत नाही. लाज वाटते. म्हणूनच इतकी वर्षं ती बायकोशिवाय कुणाला सांगितली नव्हती.

दुसरं महायुद्ध सुरू व्हायला एखाद-दोन वर्षं असतील. मी बावीस वर्षांचा, नगरकडचा, आजोबांच्या वेळी ख्रिस्ती झालेल्या घरातला. ट्रेनिंग नुकतंच संपलेलं. पहिलं पोस्टिंग मिळालं ते पासलीचं — वेल्ह्याच्याही पुढे, डोंगरात, भातखाचरांचं गाव. तेव्हा तिकडे भोर संस्थानचा अंमल होता. आमचे वरिष्ठ साहेब म्हणाले, "पावसाळ्यात तिथे थंडीतापाची साथ असते. गोळ्या घेऊन जा. औषधाच्या निमित्ताने लोक तुमच्याजवळ येतील." म्हणून ऐन आषाढात मी तिथे पोचलो. सामान म्हणजे शास्त्राची, म्हणजे बायबलची, प्रत, गीतांचं पुस्तक, क्विनाइनच्या गोळ्यांचा डबा आणि काडेपेट्यांचा एक पुडा. गावाच्या कडेला एक कौलारू खोली मिळाली. कोपऱ्यात मातीची चूल, एकच दार, खिडकी नाहीच. दाराला लावायचं पितळी कुलूप मी घरून आणलं होतं. त्याची एकुलती एक किल्ली गळ्यातल्या दोऱ्यात असायची.

पहिल्याच दिवशी पारावर चौकशी झाली.

"मूळचं कोन तुमी?"

"ख्रिस्ती."

"ते झालं वो. त्याच्या आदी?"

मी मांडीवरच्या गोळ्यांच्या डब्याचं झाकण चाचपत बसलो. त्यांना काय कळायचं ते कळलं. माणसं जरा सरकून बसली आणि पुन्हा खाचरांच्या गोष्टी बोलू लागली. कुणी उद्धटपणा केला नाही, पण माझ्याशी परत कुणी बोललंही नाही. डबा काखेत मारून मी तसाच उठून आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात एक म्हातारी उभी. डोक्यावर बांबूचं इरलं, आणि त्याच्या आडोशाला दोन्ही हातांत धरलेली एक खापरी. फुटक्या मडक्याचं बूड असतं ना, तसली. एका बाजूचा टवका उडालेला. खापरीत राख आणि राखेखाली लालभडक विस्तव. शेजारच्या घरातली ती धोंडाई. सत्तरीची असेल. मुलगा मारुती, सून, दोन म्हशी, असा तिचा संसार.

"मास्तर, चूल पेटवली का न्हाई अजून?"

"पेटवीन आजी. काडेपेटी आहे माझ्याकडे."

"काडीनं नगं. गावात नवी चूल पेटती ती शेजारच्या इस्तवानं. काडीनं पेटवल्याली चूल परक्याची ऱ्हाती." एवढं बोलून ती सरळ आत आली, चुलीपाशी बसली. कमरेच्या चंचीतून हळदकुंकू काढलं आणि चुलीच्या मधल्या थानावर, म्हणजे भांडं टेकतं त्या उंचवट्यावर, तीन बोटं ओढली. म्हणाली, "ह्यो होळीचा इस्तू हाय. होळीतनं घरी आनला तवापास्नं म्या ईजू दिला न्हाई. हात जोडा देवाला, म्हंजी झालं."

आता माझी अक्कल बघा. काल ज्या गावाने माझी जात हुंगली, त्या गावातली ही बाई आपल्या चुलीतला विस्तव घेऊन आपल्या पायांनी माझ्या घरात आली होती. ते मला दिसलंच नाही. मला दिसली होळी. ट्रेनिंगमध्ये बजावलेलं होतं की मूर्तिपूजेशी संबंध असलेली कुठलीही वस्तू स्वीकारायची नाही, पहिल्याच दिवशी ढिलाई केली की कायमची ढिलाई! मी जागचा उठलो. खापरी उचलून दाराच्या पायरीवर ठेवली आणि तांब्यातलं पाणी तिच्यावर ओतलं.

चर्रर्र... तो आवाज अजून माझ्या कानात आहे.

वर पुन्हा मी म्हणालो, "आमच्यात असलं चालत नाही, आजी." सकाळी प्रार्थनेच्या वेळी शोभेल अशा आवाजात. ओल्या फडक्याने चुलीवरची बोटंही पुसून टाकली.

धोंडाई ओल्या राखेकडे बघत राहिली. मग म्हणाली, "लेकरा, पानी कशाला घालायचं? नगं म्हनला आसतास तर म्या परत न्हेला आसता." इरलं सारखं करून ती निघून गेली. खापरी मी पायाने कुंपणात लोटून दिली.

त्यानंतर माझ्याकडे औषधाला कुणी येणं शक्यच नव्हतं. घराघरांत माणसं कुडकुडत पडली होती, मी डबा घेऊन दारोदार जात होतो आणि दारातूनच उत्तर येत होतं, "नगं मास्तर." पाटलांनी एकदा नीट सांगितलं, "ज्याच्या घरी आमचा इस्तू चालत न्हाई, त्याची गोळी आमच्या पोटात कशी चालंल?" मला ते अडाणीपणाचं लक्षण वाटलं. डायरीत तसं लिहूनही ठेवलं. दरम्यान चार दिवसांत माझ्या काडेपेट्या सर्दावल्या. त्या डोंगरातल्या हवेत काडी ओढली की गूल मऊ होऊन निघून यायचा. चूल बंद. मी चणे-फुटाणे खात बसलो, पण विस्तव मागायला शेजारी गेलो नाही.

आठव्या दिवशी कळलं की धोंडाईला ताप आहे. मी डबा घेऊन गेलो. ती चुलीजवळ घोंगडीत पडून होती, दात वाजत होते. सुनेने मला आत येऊ दिलं.

"आजी, ही गोळी घ्या. कडू आहे, पण उतार पडतो. मी खात्रीने सांगतो."

तिने डोळे उघडले. रागावली असेल असं मला वाटलं होतं, पण ती चक्क हसली. "घेती की. पन आदी तू माजा इस्तू न्हे. मंग म्या तुजी गोळी घेती. एका हातानं कसं व्हईल, लेकरा?"

वाचकहो, हाताच्या अंतरावर चूल होती. सूनबाई खापरी शोधायला उठलीसुद्धा होती. 'आण बाई' एवढंच म्हणायचं होतं.

मी म्हणालो, "आजी, मी विचारून सांगतो."

"कुनाला इचारनार?"

"आमच्या साहेबांना. पत्र लिहितो."

"इस्तू घ्यायाला साएबाला इचारतूस?" तिला हसू आवरेना, त्यातच खोकल्याची उबळ आली. "बरं, इचार. पन बिगीनं ये."

मी घरी जाऊन पत्र लिहिलं. अन्यदेवतेच्या सणातून आलेला अग्नी उपदेशकाने स्वयंपाकासाठी स्वीकारावा किंवा कसे, याविषयी मार्गदर्शन व्हावे... वगैरे. दाराला कुलूप लावलं आणि टपालात टाकायला चालत वेल्ह्याला गेलो. उत्तर यायला आठवडा लागणार हे मला माहीत नव्हतं का? होतं. पण पत्र टाकलं की जबाबदारी आपल्या डोक्यावरून उतरते, ही सवय आम्हाला फार लवकर लागते.

परतीच्या वाटेवरचे ओढे भरले आणि मी वेल्ह्यात दोन रात्री अडकलो. एका दुकानाच्या ओसरीवर बसून पाऊस बघत होतो. तिथे पहिल्यांदा मला स्वतःचा धड विचार करायला वेळ मिळाला. त्या खापरीवर मी पाणी ओतत होतो तेव्हा धोंडाईचा चेहरा कसा झाला होता, ते आठवलं. तिसऱ्या दिवशी पहाटे उठलो तेव्हा माझं ठरलं होतं. साहेबांचं उत्तर येवो न येवो, घरी पोचलो की आधी शेजारी जायचं, म्हणायचं, आजी, चुकलो, द्या तुमचा विस्तव. इतकं हलकं वाटलं की सांगता सोय नाही. ओढ्यांना उतार पडला होता. झपाझप चालत मी दुपारी बाराच्या सुमाराला पासलीला पोचलो.

डबा खोलीत होता म्हणून आधी खोलीवर गेलो. कुलूप होतं तसंच होतं. गळ्यातली किल्ली काढून उघडलं, दार ढकललं आणि धुराचा वास आला.

चूल पेटलेली होती.

जाळ नव्हता. राखेने नीट झाकलेला, आतून लाल दिसणारा विस्तव. चुलीच्या तोंडाशी खापरी, एका बाजूचा टवका उडालेली. आठवडाभरापूर्वी मी कुंपणात लोटलेली. आणि चुलीच्या थानावर हळदकुंकवाची तीन बोटं, ताजी.

मला पहिल्यांदा काय वाटलं असेल? आनंद झाला! म्हातारी बरी झाली, कशीतरी आत शिरली आणि आपला हट्ट पुरा करून गेली! कुलपाचं माझ्या डोक्यातही आलं नाही. डबा उचलला आणि "आजी, घेतला बरं का तुमचा विस्तव!" असं ओरडतच मी शेजारच्या अंगणात धावलो.

अंगणात माणसं इरली, घोंगड्या पांघरून बसली होती. मधोमध तिरडी. मारुती हातात रिकामं मडकं धरून उभा होता.

पाटील उठून आले. हळू आवाजात म्हणाले, "पाटंचं ग्येली धोंडाई. गोळी न्हाई लागायची आता, मास्तर."

मी तिथेच चिखलात बसलो. थोड्या वेळाने माझ्या ध्यानात आलं की तिरडी बांधून तयार आहे, पाऊसही थांबलाय, तरी कुणी उठत नाहीये. कारण पाटलांनीच सांगितलं. रात्री सगळे म्हातारीच्या उशाशी बसलेले असताना मागच्या भिंतीतून पाणी घरात शिरलं आणि चूल विझली. चितेला विस्तव मयताच्या घरच्याच चुलीतला लागतो. दुसऱ्या घरचा चालत नाही आणि आपल्या चुलीतला कुणी त्या कामाला देतही नाही. होळीपासून जपलेला तिचा विस्तव नेमका त्याच रात्री गेला होता. मारुती म्हणत होता, "जलमभर गावाला इस्तू वाटला माज्या आयनं, आन् तिलाच ऱ्हायला न्हाई."

मी कसाबसा म्हणालो, "माझ्या चुलीत आहे. त्यांचाच आहे."

मग पाटील, मारुती आणि सून माझ्यामागून खोलीवर आले. सून उंबऱ्यातच थांबली, तोंडावर पदर धरला. "ही आत्याबाईंची खापरी! बोटं बी त्यांचीच, त्या अशीच वडायच्या." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "पन मास्तर, त्यास्नी तीन दिस कूस बदलाया येत नव्हतं वो. म्या उशाशी हुते. कुटं जातील त्या?"

पाटलांनी वर बघितलं, खाली बघितलं. कौलांवरचं शेवाळ जागचं हललेलं नव्हतं. सारवलेल्या जमिनीवर माझ्या पायांचा चिखल होता, आता आमच्या तिघांचा होता, पण मी दार उघडलं तेव्हा जमीन कोरडी, स्वच्छ होती. तसल्या पावसात बाहेरून आलेलं माणूस चिखल न आणता आत येईल कसं? त्यांनी कुलूप हातात घेऊन दोनदा लावून पाहिलं, उघडून पाहिलं. मग मारुतीला म्हणाले, "भर मडकं."

मूर्तिपूजेचा विस्तव, तोही अंत्यविधीला... या वेळी मी कुणालाही पत्र लिहिलं नाही. चुलीतला विस्तव खापरीत काढून घेतला आणि माझ्याच हाताने ती मडक्यात रिकामी केली. धोंडाईची चिता माझ्या चुलीतल्या विस्तवाने पेटली.

त्याच संध्याकाळी स्मशानातून परतलेले दोघं माझ्या दारात आले आणि घरातल्या तापकऱ्यांसाठी गोळ्या मागून घेऊन गेले. आठवड्याभरात डबा अर्धा झाला. बहुतेक सगळे उठले. म्हणजे गोळी लागू पडत होती, हे मी धोंडाईला खात्रीने सांगितलं होतं ते खोटं नव्हतं. कित्येक रात्री मला तेच खात असे.

आणि साहेबांचं उत्तर आलं. दोनच ओळी, त्यांच्या त्या पुस्तकी मराठीत. 'अग्नी हा देवाचा आहे, तो घेण्यास कोणती हरकत? अशा क्षुल्लक बाबीसाठी पत्र पाठवीत जाऊ नये.'

मी पासलीत अकरा वर्षं राहिलो. या गोष्टीवर खूप डोकं चालवलं. कुणी चेष्टा केली म्हणावं, तर त्या दुःखाच्या पहाटे गावात चेष्टा कोण करणार? जुना निखारा राहिला असेल म्हणावं, तर माझी चूल कित्येक दिवस थंडगार होती. दुसरी किल्ली नव्हती. माझा भुताखेतांवर आजही विश्वास नाही, आणि मला याचं लॉजिक लागलेलं नाही. कुणाला लागलं तर जरूर कळवा. फक्त, 'विस्तव कुणी आणला' हे कोडं तुम्हाला मोठं वाटेल. मला त्याहून मोठं वाटतं ते 'आण बाई' हे दोन शब्द त्या दिवशी माझ्या तोंडून का निघाले नाहीत, हे.

त्यानंतर जिथे जिथे बिऱ्हाड केलं तिथे पहिला विस्तव मी शेजारून मागून आणला. गेल्या महिन्यात मुलाच्या या पुण्यातल्या नव्या ब्लॉकमध्ये राहायला आलो. सवयीने शेजारची बेल वाजवली आणि म्हणालो, "चूल पेटवायचीय, जरा विस्तव मिळेल का?" शेजारच्या वहिनी गोंधळल्या. त्यांच्याकडेही गॅसच. मग हसल्या, आत गेल्या आणि एक काडेपेटी आणून माझ्या हातावर ठेवली.

"राहू द्या आजोबा, परत नका करू."

काडेपेटी आमच्या घरात होती. तरी मी ती दोन्ही हातांनी घेतली.