ओसरीवरची न सोडलेली गाठोडी

माझ्या थोरल्याचा जन्म कापूस वेचणीच्या दिवसांतला. त्या साली कापसाला असा भाव आला होता, की आमच्या वलगावच्या घरात माणसांना पाठ टेकायला जागा नव्हती. ओसरीवर आढ्यापर्यंत कापसाची गाठोडी रचलेली. दुसऱ्या दिवशी गाड्या अमरावतीला निघायच्या होत्या.

कळा सकाळी सुरू झाल्या आणि दुपारी बाळ अडलं. बाळंतीण अडली की घरातल्या सगळ्या गाठी सोडायच्या, कुलपं उघडायची, ही आमच्याकडची रीत. सासूबाईंनी माझे केस सोडले, पेट्या उघडल्या, गाईचं दावंसुद्धा सोडलं. ती गाय शेजाऱ्याच्या तुरीत शिरली, ते वेगळंच. मग ओसरीवर जाऊन त्या सासऱ्यांना म्हणाल्या, "हे गाठोडेबी सोडा."

"सोडले तं उद्या गाड्यात काय भरू?" सासरे म्हणाले.

बाळ झालं ते निळंजांभळं, हालचाल नाही. नाळेतून बाळाला ऊब पोचावी म्हणून सुइणीनं ती न कापता वार निखाऱ्यावर शेकली, पाठ चोळली, तोंडात फुंकर घातली. बऱ्याच वेळानं एक बारीक आवाज आला. घरभर आनंद झाला. जगला म्हणजे जिंकलो, असं मलाही वाटलं.

मग हळूहळू कळत गेलं. दूध ओढता येईना, मुठी उघडेनात, वर्ष झालं तरी मान धरेना. सासूबाई चारचौघांत सासऱ्यांना म्हणत, "तुमी गाठी सोडल्या नाही, म्हून लेकराचं अंग आखडलं." गावात कुणाची भीड न ठेवणारा हा तोंडाळ माणूस, पण उलट एक शब्द बोलत नसे. नातवाला खांद्यावर घेऊन फिरायचे, पायांना तेल चोळायचे, पातळ भात बोटानं भरवायचे. एका वाटीला तासभर लागे.

मुलगा तीन वर्षांचा असताना मी त्याला अमरावतीच्या सरकारी दवाखान्यात नेलं आणि गाठींचंही सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "गाठींचा काही संबंध नाही. जन्मताना श्वास उशिरा आला, तेवढ्यात मेंदूला इजा झाली. ती भरून येत नाही. पण याला समजतं बरं का, हातपाय तेवढे ऐकत नाहीत." समजतं हे मला ठाऊकच होतं. आजी चिडली की तो खदखदून हसायचा.

घरी येऊन मी 'याला समजतं' एवढंच सांगितलं, बाकीचं गिळून टाकलं. सासऱ्यांच्या मनावरचं ओझं उतरलं तर ते माझं लेकरूही खाली ठेवतील, अशी भीती वाटली. दोन वर्षं मी त्या माणसाला गुन्हेगार राहू दिलं. त्याची मला आजही लाज वाटते.

शेवटी एका दुपारी ते त्याला भरवत असताना मी पदर सारखा केला आणि डॉक्टर बोलले होते ते सगळं सांगून टाकलं. सासऱ्यांच्या डोळ्यांना धार लागली.

"कवा समजलं तुले?"

"दोन वर्षं झाली, मामाजी."

"मंग सांगतलं काहून नाही?"

"तुमी याले सोडून द्यान, असं वाटलं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग मुलाच्या गळ्याकडे पाहत म्हणाले, "थांब. याचा घास उतरू दे, मंग बोलतो."

वाटी संपली, मुलगा झोपला. तरी त्यांनी त्याला मांडीवरून खाली ठेवलं नाही.