कापसाचं बर्फघर

आदिलाबादला बर्फ पडत नाही. थंडी मात्र पडते, आणि डिसेंबरात अशी पडते की किनाऱ्याकडून बदलून आलेला अधिकारी पहिल्या आठवड्यात स्वेटर बाहेर काढतो आणि दुसऱ्या आठवड्यात बदलीचा अर्ज. पण बर्फ नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण ज्या वर्षी मी शाळेतल्या मुलांना बर्फाचं घर बांधायला शिकवलं, त्या वर्षी ही गोष्ट कोणी बोलून दाखवली नाही.

आंध्र प्रदेशातले ते दिवस. मी आदिलाबादच्या एका सरकारी शाळेत मराठी माध्यमाच्या वर्गांना शिकवत होतो. स्काऊटचं काम माझ्याकडे होतं. त्यासाठी माझी पात्रता एवढीच की माझ्याकडे खाकी पँट होती. दर डिसेंबरात शहराबाहेर मावला गावच्या मैदानावर जिल्ह्याचा तीन दिवसांचा मेळावा भरायचा आणि प्रत्येक शाळेनं काहीतरी बांधून दाखवायचं असायचं. सगळ्या शाळा बांबू आणि दोरीचा झुलता पूल बांधायच्या. खाली थेंबभर पाणी नाही असे दहा-बारा पूल एका रांगेत उभे असत आणि प्रमुख पाहुणे प्रत्येक पुलासमोर थांबून मान हलवत.

आमचे हेडमास्तर गोदावरीच्या मुखाकडचे, तेलुगू बोलणारे. माझ्याशी ते हिंदीतच बोलत. त्यांना स्काऊटच्या इंग्रजी पुस्तकात एक प्रकरण सापडलं : बर्फाळ प्रदेशात हिवाळी मुक्कामासाठी निवारा कसा करावा.

“सार, इस बार ये करेंगे. अब तक कोई नहीं किया.”

कोणी का केलं नव्हतं ते उघड होतं. तरी मी विचारलं, “सार, बर्फ?”

“कॉटन है ना. आदिलाबाद में कॉटन की कमी है क्या?”

झालं. जिनिंगवाल्याकडून सरकी काढलेला कापूस मेळाव्यापुरता मागून आणायचा, बांबूच्या कामट्यांचा घुमट करायचा आणि त्यावर कापूस थापायचा, असं ठरलं.

त्या रविवारी मी पुस्तक पिशवीत घालून गावी गेलो. गाव तलमडुगुकडं. माझे वडील आयुष्यभर तिथल्या एका शेतकऱ्याकडं सालदार होते. ज्वारी कापून पडली की राखणीला शेतातच झोपायचे, कडब्याच्या पेंढ्यांची खोपी करून. आता ते थकले होते, पण राखणीला कोणी नवा गडी लागला की खोपी घालून द्यायला त्यांनाच बोलावणं यायचं.

मी ओट्यावर बसून त्यांना ते प्रकरण मराठीत करून वाचून दाखवलं. इंग्रजी येतं हे बापाला दाखवायची हौस नोकरी लागून दहा वर्षं झाली तरी फिटली नव्हती. बर्फाचा ढीग करावा, तो काही वेळ बसू द्यावा, मग आतून कोरावा. भिंत हातभर जाड राहू द्यावी. दार लहान ठेवावं, वाऱ्याच्या उलट बाजूला. निजायची जागा दारापेक्षा उंच करावी. श्वासाला वर एक भोक ठेवावं.

बा मधेच हसले.

“काऊन हसता?”

“काई नाई. तुयं पुस्तक खोपीच सांगून राह्यलं.”

“बा, हे बरफाचं हाय. इलायती.”

“बरफाचं असो का कडब्याचं. पेंढ्या रचल्या का एक दिस बसू द्या लागते, तवा त्या एकमेकीले धरतात. दार वाऱ्याकडं केलं तं खोपी कायले, उगड्यावरच निजावं. आन् माणूस खाली नाई निजत. थंडी पान्यासारखी असते, मास्तर. उतरते, खोलात साचते. माणसानं काठावर निजावं.”

लोकांसमोर ते मला कौतुकानं मास्तर म्हणायचे आणि घरात चेष्टेनं. त्या दिवशी दोन्ही होतं. मग त्यांनी विचारलं, “मी येऊ का? पोरायले दाखवतो. एकच दिस.”

त्यांना गावच्या शाळेत बोलावणं पूर्वीही आलं होतं. मांडव घालायला, छपराची गळती पाहायला. शिकवायला कोणी बोलावलं नव्हतं. हे त्यांनी म्हटलं नाही. पण जयंतीला घालायचा पांढरा सदरा धुवून ठेवायला त्यांनी तेवढ्यातच आईला सांगितलं, आणि मला कळायचं ते कळलं.

मला नाही म्हणता आलं नाही, आणि हो म्हणायचं नव्हतं. साहेब लोक येणार, हेडमास्तर विचारणार, हे कोण? माझे वडील म्हणून सांगायला मला लाज वाटत नव्हती, असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगत आलो. वाटत होती. सरकारी थाटाची टिंगल करण्यात स्टाफरूममध्ये माझा हात कोणी धरत नसे, पण त्या दिवशी मी त्याच थाटाच्या आड जाऊन उभा राहिलो.

“बा, तसं येता येत नाई,” मी म्हणालो. “वरतून हुकूम निघा लागते. कागद.”

निजामाच्या काळापासून आमच्या लोकांना हे एक वाक्य पुरतं. हुकमापुढं कोणी वाद घालत नाही. बा म्हणाले, “मंग निघू दे.”

असा हुकूम कुठं निघत नाही. मी कोणाला विचारलंही नाही. पुढच्या रविवारी गेलो तर ते दारातच होते. “हुकूम आला का?” मी म्हटलं, हेडमास्तरांच्या टेबलावर आहे. त्याच्या पुढच्या रविवारी म्हटलं, साहेबांच्या सहीला गेला आहे. खोटा कागद मी खऱ्या कागदासारखाच टेबलाटेबलावरून फिरवला.

मावल्याला आमचं बर्फघर उभं राहिलं ते खरंच देखणं होतं. लांबून पाहिलं तर उत्तर ध्रुवाकडं निघालेली एखादी तुकडी वाट चुकून कापसाच्या पट्ट्यात उतरली आहे असं वाटे. दार मी पुस्तकात होतं तसं गुडघाभर ठेवलं होतं. हेडमास्तरांनी ते पाहिलं आणि त्यांचा चेहरा पडला.

“दरवाजा बडा करो सार. साब झुक के जाएंगे क्या अंदर?”

“सार, छोटे दरवाजे का ही तो...”

“और ये उधर क्यों है? स्टेज इधर है.”

दार पुरुषभर उंच झालं आणि स्टेजकडं फिरलं. स्टेज उत्तरेला होतं. वारा उत्तरेचाच होता. निजायचा ओटाही निघाला, कारण साहेबांच्या पायात येईल.

एवढ्यावर भागलं नाही. पिंजलेल्या कापसाचं घर मैदानाच्या मधोमध उभं, तेव्हा आगीची भीती. म्हणून त्या वर्षी मेळाव्यात शेकोटी पेटवायची नाही असं ठरलं. थंडीपासून बचाव कसा करावा याचा नमुना जपण्यासाठी जिल्ह्यातली सगळी पोरं तीन दिवस शेकोटीशिवाय कुडकुडली. शेवटच्या दिवशी सकाळी पाहतो तर बर्फघर खालून टक्कल पडल्यासारखं झालेलं. पोरांचा हात जिथवर पोचत होता तिथवरचा कापूस नाहीसा. शोधायला लांब जावं लागलं नाही. सगळ्यांच्या सदऱ्यांना पोटाशी फुगे आले होते.

“कायले काढला रे?”

“सार, आतमंदी लई थंडी हाय. कापूस बाहेरच बरा लागते.”

मी त्यांना रागावलो, कापूस परत थापायला लावला, आणि वर शिकवून ठेवलं : साहेबांनी आत ऊब होती का विचारलं तर सगळ्यांनी एका आवाजात म्हणायचं, हो सार.

पाहुणे यायच्या थोडं आधी मैदानाच्या तारेपलीकडं एक बैलगाडी येऊन थांबली. गाडीत कडब्याच्या पेंढ्या आणि त्या बांधायला पळसाच्या मुळांचा वाख. गाडीवर पांढरा सदरा घालून बा.

मी धावत गेलो. “बा, हुकूम नाई आला अजून.”

“मले माईत हाय,” ते म्हणाले. “आला तं असावं म्हून आणलं.” मग त्यांनी तारेतून आमच्या बर्फघराकडं पाहिलं. “दार उत्तरेले काऊन?”

“तिकडं स्टेज हाय.”

त्यांनी मान हलवली. पुलांपुढं पाहुणे हलवतात तशी नाही. मी म्हणालो, इथंच बसा, नंतर पाहू. ते तारेबाहेर बघ्या लोकांत बसले.

साहेब आले. हार झाले, नारळ झाले, तेलुगूत एक आणि इंग्रजीत एक भाषण झालं. मग साहेब आमच्या बर्फघरात न वाकता शिरले, बाहेर आले आणि माइक हातात घेऊन मला स्टेजवर बोलावलं. आत थंडी कशी लागत नाही, ते त्यांना समजून घ्यायचं होतं. मला पुस्तकातलं आठवायला हवं होतं. तोंडून आलं ते वेगळंच.

“सार, ठंड पानी के जैसी होती. नीचे उतरती, गड्ढे में जमा होती. आदमी किनारे पे सोना.”

साहेब थक्क झाले. “वा! क्या बात बोले मास्टर!” त्यांनी स्वतः टाळ्या वाजवल्या, म्हणून सगळ्या मैदानानं वाजवल्या. मग त्यांनी पोरांकडं वळून विचारलं, “अंदर गर्मी थी?”

“हो सार!” पोटाशी अजूनही थोडा कापूस लपवलेली सगळी पोरं एका आवाजात ओरडली.

आम्हाला पहिलं बक्षीस मिळालं. निर्मल गावच्या कारागिरांनी रंगवलेलं लाकडी सीताफळ. हुबेहूब.

माइकचा कर्णा तारेच्या बाजूलाच बांधलेला होता. खाली उतरून गेलो तेव्हा बा गाडीला बैल जुंपत होते. ते वाक्य कोणाचं, हे सांगायला स्टेजवर मला एक शब्द पुरला असता. मेरे वालिद बोलते, एवढंच. बांनी सदऱ्यावरचा भुसा झटकला आणि म्हणाले, “बरं सांगितलं मास्तर. इसरला नाईस.” त्यात टोमणा शोधायचा मी पुष्कळ प्रयत्न केला आहे. टोमणा असता तर बरं झालं असतं. कडबा त्यांनी तसाच परत नेला.

पुढच्या दिवाळीआधी त्यांना लकवा झाला. वाचा वाचली, उजवा हात गेला.

डिसेंबर आला तेव्हा मी हेडमास्तरांपुढं जाऊन उभा राहिलो. वडील खोपी बांधायला शिकवतात, त्यांना शाळेतर्फे पत्र देता येईल का, असं विचारलं. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. “अरे, पहले क्यों नहीं बोले सार?” टायपिस्टला हाक मारली. पत्र टाइप होऊन, सही होऊन, गोल शिक्का बसून माझ्या हातात पडायला पाच मिनिटं लागली.

गावी जाऊन मी ते वाचलं. तेलुगूतलं मराठीत करून. आपण शाळेत उपस्थित राहून विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करावे, ही विनंती. 

“अजून एकखेप वाच,” बा म्हणाले. मी वाचलं. “शिक्का हाय?” मी दाखवला. त्यांनी डाव्या अंगठ्यानं शिक्का चाचपला, घडी करून कागद सदऱ्याच्या खिशात घालायला गेले, पण डाव्या हातानं खिसा सापडेना. मी घालून दिला.

शाळेच्या मागच्या मोकळ्या जागेत आम्ही त्यांना खुर्चीवर बसवलं. पोरं समोर. ते सांगत होते, मी आणि पोरं करत होतो. वाऱ्याकडं पाठ, दार गुडघ्याएवढं, आत मातीचा ओटा, वर मुठीएवढं भोक. सगळं जमलं. गाठ जमेना. वाखाची एक गाठ होती, पेंढीला पेंढी आवळायची. ती त्यांनी हजार वेळा मारली असेल, पण कधी तोंडानं सांगितली नव्हती.

“पीळ दे. तसा नाई. आपल्याकडं नको वढू, कडब्याकडं वढ.”

“अशी?”

“अशी कशी? ते सुटते ना.” त्यांचा डावा हात हवेत फिरत होता, दुसऱ्या हाताला शोधत असल्यासारखा. “हात असता तं दाखवली असती.”

मागच्या वर्षी हात होता.

शेवटी मी माझ्याच गाठी मारल्या, साध्या, स्काऊटच्या पुस्तकातल्या. पेंढ्या उभ्या राहिल्या, पण त्यांनी एकमेकींना धरलं नाही. मी मागून पाहिलं तर फटीतून आतल्या एका पोराची मान आणि पाठीचा सदरा दिसत होता, आणि सदरा वाऱ्यानं हलत होता.

बांना खुर्चीवरून ते दिसत नव्हतं. ते पुढं वाकले आणि दाराकडं तोंड करून त्यांनी विचारलं, “ऊब लागते का रे, पोरंहो?”

“हो सार!” आतून सगळे एका आवाजात ओरडले.

 बांनी सरळ होऊन माझ्याकडं पाहिलं.

“मास्तर,” ते म्हणाले, “पोरं तुयेच शोभतात.”