वकीलबाईंची उलटतपासणी

सर्व संबंधितांस गांभीर्यपूर्वक जाहीर करण्यात येते की, युरोपातले थोर थोर विचारवंत आमच्या चिंचवडच्या कॉलेजात वर्षानुवर्षं आरोपी म्हणून उभे राहिले आणि त्यांतला एकही निर्दोष सुटला नाही. खटला चालवायच्या आमच्या राज्यशास्त्राच्या बाई. मुलं त्यांना वकीलबाई म्हणत.

आमच्या वेळी आरोपी बहुधा मीच. नाटकाची हौस! खांद्यावर शाल, डोक्यावर कापसाचा टोप, की झाला फ्रेंच तत्त्वज्ञ तयार. मी छाती फुगवून गरजायचो, "सगळी माणसं समान आहेत!"

बाई चष्म्यावरून बघायच्या. "तुमच्या सौभाग्यवतीसुद्धा?"

"छे, छे! तिची जागा घरात. निसर्गाचाच नियम आहे तसा."

"मग निसर्गाला साक्षीला बोलवा."

वर्ग बाकं बडवायचा. बडवणं थांबलं की बाई हळूच म्हणायच्या, "राज्य सगळ्यांच्या संमतीनं चालतं म्हणे. पण नाही म्हणायची सोय होती का, ते आधी विचारा. ती नसेल, तर त्या होकाराचं काय घेऊन बसलात?"

बाई मूळच्या महाळुंग्याच्या. तिकडे कंपन्या आल्या, जमिनीला भाव आला आणि लग्न झालेल्या बहिणींना माहेरी जेवायची बोलावणी जाऊ लागली. आधी जेवण, मग साडी, मग हक्कसोडपत्र. वडिलांच्या जमिनीतला वाटा भावांना सोडला, असं लिहून द्यायचं. जी देणार नाही, तिला माहेर बंद. बाईंनाही बोलावणं आलं. "वकीलबाई आणि सही? शक्यच नाही, राव!" आम्ही पोरं छातीठोकपणे सांगत फिरलो.

त्या जेवणाच्या दुसऱ्या दिवशी बाई वर्गात आल्या आणि आरोपीच्या खुर्चीत बसल्या. मला म्हणाल्या, "आज तू विचार."

"सही केलीत?"

"केली."

"स्वखुशीनं?"

"आई अंथरुणाला खिळलीय रे त्या घरात."

एरवी माझं तोंड बंद करायला घंटा लागायची. त्या दिवशी मी घंटेआधीच जाऊन बाकावर बसलो.

खटले नंतरही चालले. पण त्या काळच्या बायका गप्प का बसल्या, असं कुणी विचारलं की बाई विचारणाऱ्यालाच आरोपीच्या खुर्चीत बसवायच्या.

गेल्या महिन्यात बाई गेल्या. शोकसभेला महाळुंग्याहून त्यांचे थोरले भाऊ आणि वहिनी आले होते. भाऊ माइकसमोर उभे राहिले. "आमची ताई लई मोठ्या मनाची. जमिनीच्या टायमाला हसत सही दिली. कवा काय मागितलं न्हाई."

बायकांच्या रांगेत वहिनी ताडकन उठल्या. डोक्यावरचा पदर तसाच.

"मागितलं व्हतं की! विहिरीकडचा तुकडा मागितला व्हता. मी चहा घिऊन तितंच हुबी व्हते!"