माणसं जवळ आणणारी लेन्स

आधी चहा ओता, मग सांगतो. ऐकून झाल्यावर द्याल याची खात्री नाही. कॅमेऱ्याची लेन्स निवडताना मी स्वतःची जी शोभा करून घेतली, तिला तोड नाही.

कॅमेऱ्यात रीळ घालावं लागायचं, त्या नव्वद-ब्याण्णवच्या काळातली गोष्ट. नोकरी कोयनानगरला, धरणाच्या ऑफिसात. आईवडील गेलेले, लग्न राहून गेलेलं. संध्याकाळी कॉलनीत घरोघरी फोडणीचे वास सुटले की मी खोलीला कुलूप लावून एस.टी. स्टँडवर जाऊन बसायचो. मला कुठं जायचं नसायचं, माझ्याकडे येणारंही कुणी नसायचं. पण गाडी आली की चार माणसं उतरताना तरी दिसायची.

बदली झालेल्या एका इंजिनियरने जाताना त्याचा जुना कॅमेरा मला दिला. लेन्स त्याला नव्हतीच. ती घ्यायला सांगलीला गेलो. दुकानदाराने दोन लेन्स पुढ्यात ठेवल्या. एक बुटकी, एक चांगली लांबडी.

"घरच्या माणसांचे फोटो काढायचे असले तर ही बुटकी घ्या, सगळी मावतात," तो म्हणाला. "लांबची माणसं जवळ आणायची असली तर ही लांबडी."

आता तुम्हीच सांगा, माझ्यासारख्याने कुठली घ्यावी? माझं कोण होतं जवळ? मी लांबडी घेतली.

ऑफिसातला शामराव हा माझा एकुलता एक मित्र. रहिमतपूरला त्याच्या बहिणीचं लग्न निघालं.

"अण्णा, फोटो तुमीच काढायचं," तो म्हणाला. "आन् आई म्हणत्या, घरच्या फोटूत तुमी तिच्या शेजारी बसायचं. खुर्ची ठिवणार हाय."

खोटं कशाला बोलू, त्या खुर्चीच्या आनंदात मला झोप लागेना. नवा शर्ट शिवला. कॅमेऱ्याला बटण दाबल्यावर थोड्या वेळाने आपोआप फोटो निघायची सोय होती. बटण दाबायचं, पळत जायचं, खुर्चीत बसायचं. त्यात काय अवघड?

बुद्धवंदना झाली, हार घातले, जेवणं उरकली. वऱ्हाडाची गाडी हॉर्न मारायला लागली तशी घरची मंडळी दारात फोटोला बसली. मी डोळा लावला तर नवरीचं नुसतं नाक दिसलं. मागे सरकलो. नवरी आली, नवरा नाही. आणखी मागे सरकलो. मांडवाबाहेर पडलो, रस्ता ओलांडला, आणि समोरच्या ज्वारीच्या रानात बांधावर तीन पायांचा स्टँड रोवला, तेव्हा कुठे सगळी मावली.

"अण्णा, आवं कुठवर जाताय?" शामराव ओरडला. "कोयनेला का?"

रिळात एकच फोटो उरला होता. मी बटण दाबलं आणि उडी मारली. तेवढ्यात मागून कुणीतरी दंड धरला. बघतो तर रानाचे मालक, पांढऱ्या मिशांचे म्हातारबाबा.

"मोजणीला आलाय न्हवं?"

"नाही हो बाबा, फोटो काढतोय."

"हितनं पाट न्ह्यायचा हाय म्हणत्यात. कुठनं आलाय तुमी?"

इथं मी माती खाल्ली. घाईघाईत खरं बोलून गेलो. "कोयनेहून. धरणावर असतो. सोडा मला."

मग कसले सोडतात? दुसरा हातही धरला. "सायेब, लय दिस झालं वाट बघतोय. पाट वरच्या आंगानं न्या. हिरीवरनं नगा न्हेऊ. चला, दावतो."

"बाबा, तो फोटो..."

मागे कॅमेरा खट्ट वाजला. रीळ संपलं. पलीकडे शामरावची आई "या, या" म्हणून हात करत होती आणि मी म्हातारबाबांबरोबर विहीर बघायला निघालो होतो. आणि एक सांगू? इतक्या वर्षांत मला असं हाताला धरून कुणी नेलं नव्हतं.

रीळ धुऊन आलं. फोटो काय निघाला म्हणता! हात पुढे केला तर लागतील इतकी सगळी जवळ. शामरावच्या आईने मात्र एक हात शेजारच्या रिकाम्या खुर्चीच्या पाठीवर ठेवलेला.

तो फोटो अजून माझ्या भिंतीवर आहे. कुणी आलंच तर विचारतं, "यात तुम्ही कुठं आहात?" मी खुर्चीवर बोट ठेवतो. माझा इतका हुबेहूब फोटो पुन्हा कधी निघाला नाही.