तलासरीच्या गॅरेजातली चाकं

डहाणूत माझं औषधाचं दुकान आहे. या धंद्यात वर्षानुवर्षं बसलं की हातात आलेली प्रत्येक वस्तू उलटी करून बघायची खोड लागते. मुदत संपली का, सील हललंय का, चिठ्ठीवरची सही डॉक्टरांचीच आहे का. घरी भाजीवाली आली तरी मी वांगं फिरवून फिरवून बघते, आणि नवरा आतून म्हणतो, "अगं, त्यावर बॅच नंबर नसतो." सायकलची चाकं घ्यायची वेळ आली तेव्हाही मी तशीच वागले.

बारीक टायरांची, वळलेल्या हँडलची रोड बाईक मी चाळिशी उलटल्यावर घेतली. सायकल चांगली होती, पण कंपनीने तिला दिलेली चाकं जड होती आणि मागच्या चाकाचे स्पोक सारखे तुटायचे. एक तुटला की चाक आऊट जायचं, ब्रेकला घासायला लागायचं. चारोटी नाक्याच्या पुढे एकदा असाच स्पोक तुटला आणि मी कोबीच्या टेंपोत, गोण्यांवर बसून घरी आले. त्या दिवशी ठरवलं, आता चाकंच बदलायची. मात्र सायकलच्या निम्म्या किमतीची चाकं घालण्याइतकी मी वेडी झाले नव्हते. हलकी, मजबूत आणि परवडणारी, एवढीच अपेक्षा होती.

आधी मोबाईलवर शोधलं. कार्बनची चाकं इतकी स्वस्त दिसली की माझ्या मनात तिथेच पाल चुकचुकली. खाली लोकांच्या प्रतिक्रिया होत्या, सगळ्या कौतुकाच्या. चार जणांनी तर अगदी एकच वाक्य लिहिलं होतं, त्यातल्या चुकीसकट. मी मोबाईल खाली ठेवला. मुंबईच्या एका दुकानात फोन केला तर तिथला माणूस माझं वजन विचारायच्या आधीच "सर्वात वरचं मॉडेल घ्या मॅडम" म्हणाला. तोही नाद सोडला.

याबाबतीत माझा एकच सल्लागार होता. तलासरीला हायस्कुलात विज्ञान शिकवणारे एक सर. वयाने माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठे. रविवारी पहाटे ते तलासरीहून सायकलवर निघत, आमच्या अंगणात चहा घेत आणि मग आम्ही दोघं सुरूच्या झाडांमधून बोर्डीपर्यंत जाऊन येत असू. कित्येक वर्षांचा तो नेम होता. खर्चाच्या बाबतीत सर अत्यंत कडक. मी काहीही घ्यायचं म्हटलं की त्यांचं उत्तर ठरलेलं, "आधी टायरात हवा नीट भरा. नव्वद टक्के आजार तिथेच बरे होतात."

त्याच सरांचा एके दिवशी दुकानात फोन आला. "ताई, तलासरीत एकाकडे चाकं आहेत. ॲल्युमिनियमची, हाताने स्पोक विणलेली. तुम्हाला एकदम बरोबर बसतील. लगेच घेऊन टाका."

लगेच? सर आणि लगेच?

"कोणाची आहेत?" मी विचारलं.

"आहे एक मुंबईची पार्टी. इथल्या गॅरेजवाल्याकडे विकायला ठेवलीत."

"तुम्ही बघितलीत?"

"बघितलीत म्हणून तर सांगतोय." आणि काही काम आल्यासारखा त्यांनी फोन ठेवला. आधीच्या दोन रविवारी ते आले नव्हते. एकदा पाहुणे, एकदा परीक्षेचे पेपर. पेपर मला पटले होते. पाहुणे नव्हते पटले.

मी दुपारी दुकान बंद करून गाडीने गेले. गॅरेज हायवेला लागून होतं, ट्रकचे टायर रचलेले, जमीन ऑईलने काळी झालेली. सर आधीच येऊन उभे होते, पण मोटरसायकलवर. "सायकल सर्व्हिसिंगला टाकलीय," मी न विचारताच ते म्हणाले. सर आपली सायकल दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाहीत हे मला चांगलं ठाऊक होतं.

गॅरेजवाल्याने गोणपाटातून चाकं काढली. दिसायला सुंदर होती. मी हातात घेतली, खरंच हलकी. उलटी करून बघितली आणि हात थांबला. रिमवर जिथे कंपनीचं नाव असतं तिथे स्टिकर खरवडून काढलेला होता. चिकटपणा अजून बोटाला लागत होता.

"हे कोणी खरवडलं?"

"पार्टीए," गॅरेजवाला म्हणाला. त्याचं मराठी गुजरातीत मिसळून यायचं. "बेन, लई जावो. माल एकदम चोख्खो छे."

"पार्टीने का विकायला काढली?"

त्याने सरांकडे बघितलं. सर रस्त्यावरचे ट्रक बघत होते. "एने नवी लिधी," तो शेवटी म्हणाला, म्हणजे पार्टीने नवी घेतली.

"बिल आहे?"

पुन्हा सरांकडे. आता माझी खात्रीच झाली की चाकं चोरीची आहेत. हायवेवरच्या हॉटेलांबाहेर लावलेल्या महागड्या सायकली उचलल्याच्या गोष्टी आम्ही ऐकून होतो. प्रश्न एवढाच की सरांना हे माहीत होतं की नव्हतं. नसेल तर त्यांना सावध करायला हवं. आणि असेल तर? हा विचार मला आवडला नाही, पण आला खरा.

मी म्हटलं, "आज घेत नाही. घरी नेऊन सायकलला लावून बघते, मग सांगते."

गॅरेजवाला कचरला. सर मात्र पटकन म्हणाले, "नेऊ दे त्यांना. माझी हमी." मालकाला न विचारता हमी! मी चाकं मागच्या सीटवर टाकली आणि येताना महालक्ष्मीचा डोंगर दिसेपर्यंत आरशातून मागे कोणी येतंय का बघत होते.

संध्याकाळी अंगणात बसून तपासणी सुरू केली. स्पोक एकेक करून दाबले, सगळे सारखे ताठ. बेअरिंग गुळगुळीत. पुढचं चाक अगदी निर्दोष. मग मागच्या चाकाच्या रिमच्या कडेला, जिथे ब्रेकचं रबर दाबतं तिथे, मी स्टीलची पट्टी आडवी लावली. पट्टीच्या मधोमध उजेड दिसला. रिम झिजून आत गेली होती, ताटलीसारखी खोलगट. इतकी झिजलेली कड हवेच्या दाबाने उतारावर फुटू शकते. म्हणजे चोख्खो माल हा असा होता.

दुसऱ्या बाजूची झीज बघायला मी गियर बसवायचा भाग एका हातात धरून चाक फिरवलं. चाकाच्या मधल्या हबमधून तो टकटकटकटक आवाज निघाला, जरा खरखरीत, मध्येच एक ठोका चुकवणारा. आतून नवऱ्याने हाक मारली, "सर आले वाटतं! चहा टाकू का?"

मी चाक हाताने धरून थांबवलं.

पॅडल मारायचं थांबलं की हब वाजतो, आणि प्रत्येकाचा आवाज वेगळा. इतकी वर्षं तो आवाज आमच्या फाटकातून आत यायचा. गॅरेजात माझ्या लक्षात आलं नाही कारण तिथे ट्रकांच्या गोंगाटात काही ऐकूच येत नव्हतं.

म्हणजे चाकं सरांची होती. चोरीची भीती गेली, पण तिच्या जागी आलेला संशय जास्त वाईट होता. आपली झिजलेली चाकं, नाव खरवडून, परक्या माणसाच्या हाताने मला विकायची? मला? त्यांच्या पाठोपाठ मी किती उतार उतरले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी न कळवता मी त्यांच्या घरी धडकले. दार त्यांच्या पत्नीने उघडलं. ओटीवर त्यांची सायकल दिसली, चाकांविना, जुन्या चादरीवर आडवी ठेवलेली.

"बरं झालं आलात," बाई म्हणाल्या. "तुम्ही तरी सांगा त्यांना. छातीत दुखलं, उधव्याच्या रस्त्यावर खाली बसले, कोणीतरी रिक्षात घालून आणलं. डॉक्टर म्हणाले बंद करा. तर हे म्हणतात, सायकल नाही तर मी काय करू."

सर आतून बाहेर आले. माझ्या हातातलं चाक बघून ते खाली बसले.

"कशावरून ओळखलंत?"

"आवाजावरून. मला का नाही सांगितलंत?"

"काय सांगणार? तुम्ही विचारणार, का विकताय. मग औषधं कुठली चालू आहेत ते विचारणार. मग दर रविवारी फोन करून माझा रक्तदाब विचारणार." ते कसनुसं हसले. "तुमचे स्पोक तुटतात. म्हटलं चाकं तरी रस्त्यावर राहतील."

मी विरघळणारच होते, पण पट्टी पर्समध्ये होती. ती काढून मी रिमवर धरली. "आणि हे?"

त्यांनी पट्टीखालच्या फटीवर बोट ठेवलं.

"माहीत होतं," ते म्हणाले. "म्हणून तर भाव कमी लावला."

"उतारावर फुटलं असतं तर?"

"पावसाळ्यापर्यंत टिकलं असतं. नंतर काहीतरी निमित्त काढून बदलायला लावणार होतो. आधीच सांगितलं असतं तर तुम्ही विचारलं असतं, परक्याच्या चाकांबद्दल एका दुपारात तुम्हाला एवढं कसं कळलं, आणि मग सगळंच बाहेर आलं असतं."

"सर, तुम्ही मुलांना विज्ञान शिकवता."

बाई आत निघून गेल्या, आणि भांडी जरा जोरातच वाजली. मला राग आला होता आणि वाईटही वाटत होतं, आणि दोन्ही एकाच वेळी त्यांना कसं सांगायचं हे कळत नव्हतं. शेवटी मी व्यवहाराचंच बोलले. पुढचं चाक घेते, मागचा हब घेते, रिम नवीन टाकते, त्याचा खर्च किमतीतून वजा. त्यांनी एका शब्दाने घासाघीस केली नाही. त्याचंही मला क्षणभर नवल वाटलं, खोटं का सांगावं.

वापीला एका सायकलच्या दुकानात नवी रिम आणि नवे स्पोक घालून घेतले. मी समोर उभं राहून बघितलं. चाकं चढल्यावर सायकल उचलताना हलकी वाटते, चढावर मात्र मी होते तेवढीच हळू आहे. पण त्यानंतर एकही स्पोक तुटलेला नाही, आणि सगळं मिळून नव्या जोडीच्या मानाने बरंच स्वस्त पडलं.

काही महिने रविवारी मी एकटीच जात होते. मग एका सकाळी सर एसटीने आले. सायकल टपावर टाकून आणली होती, आणि तिला कुठून तरी मिळवलेली जुनी, जड चाकं लावली होती.

"डॉक्टरांनी परवानगी दिली," ते म्हणाले. "सपाट रस्त्यावर, हळू."

"कुठल्या डॉक्टरांनी?"

त्यांनी नाव सांगितलं. त्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या माझ्या दुकानात येतात. मी मोबाईल काढला.

"ताई, रविवार आहे," सर म्हणाले.

मी फोन लावला. डॉक्टर झोपेतून उठले असावेत. हो म्हणाले, बोर्डीपर्यंत चालेल, धाप लागली तर थांबायचं, जिभेखालची गोळी खिशात हवी. मी सरांना खिसा दाखवायला लावला. गोळी होती. मी गोळ्यांची पट्टी हातात घेऊन तिच्यावरची मुदत वाचली, मग आम्ही निघालो.