पोलंडची पाळी

तात्या पाटकरी दुसरं महायुद्ध शंभरावर वेळा लढले, आणि प्रत्येक वेळी पोलंडच्या बाजूनं. एकदाही जिंकले नाहीत. चौथ्या पाळीच्या पुढे त्यांचा पोलंड कधी टिकलाच नाही. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला धोतर सावरत आमचा जिना चढायचे आणि खुर्चीत टेकता टेकता म्हणायचे, "लाव. पोलंड माझा." जसं काही दुसरं कुणी पोलंड मागायला टपूनच बसलं होतं.

हे सगळं नारायणगावात चाललं होतं. पुण्यातली नोकरी सोडून मी परत आले होते आणि कॉलेजातला मित्र पारस याच्याबरोबर कॉम्प्युटरवरचा महायुद्धाचा खेळ बनवत होते. पारसच्या घरचं पाइप आणि ठिबकचं दुकान. त्याच्या वरच्या दोन खोल्या आमच्या. खाली नळ्यांची वेटोळी, वर रणगाडे. युरोपातली एक कंपनी खेळ विकायला तयार होती, पण तिची अट होती की खेळ समतोल हवा. म्हणजे कोणताही देश घेतला तरी डोकं चालवणाऱ्याला काहीतरी आशा राहिली पाहिजे. आमच्या खेळात जर्मनी घेणारा मधेच उठून मिसळ खाऊन आला तरी जिंकत होता.

तात्या पहिल्यांदा वर आले ते पाइपचा चुकीच्या मापाचा एल्बो परत करायला. पारस सापडेना म्हणून कुणीतरी त्यांना जिना दाखवला होता. माझ्या स्क्रीनवर युरोपचा नकाशा होता आणि त्यावर निळ्या रेघांनी सैन्याची रसद कुठून कुठं जाते ते दाखवलेलं होतं. म्हातारा एल्बो हातात धरून पाच मिनिटं बघत उभा राहिला.

"हा कुठला कालवा म्हणायचा? डावा का उजवा?"

"कालवा नाही काका, युरोप आहे. या रेघा म्हणजे रसद."

"आसंल. पन तुमच्या टेलला पानी जात न्हाई."

मी हसले. मग तपासलं, आणि हसू गेलं. रशियाच्या आघाडीवरचं जर्मन सैन्य का उपाशी मरतं हे आम्ही तीन आठवडे शोधत होतो. रसद हंगेरीत अडकत होती. "हितं कुनीतरी चारी फोडलीय," तात्या म्हणाले आणि खाली जाऊन एल्बो बदलून घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी पारस मोटरसायकलवरून त्यांच्या गावी, पिंपरी पेंढारला गेला आणि त्यांना घेऊन आला.

तात्यांनी सगळी नोकरी पाटकरी म्हणून केली होती. धरणातून आवर्तन सुटलं की कालव्याचं पाणी कोणत्या चारीला, कुणाच्या वावरात, किती तास जाईल हे पाळीपत्रकाप्रमाणे बघायचं. वरच्या अंगाला, म्हणजे हेडला, ज्यांची जमीन ते पाणी आधी ओढतात, आणि टेलचा माणूस कोरड्या चारीत बसून राहतो. तात्यांचं आयुष्य या दोघांच्या मधे उभं राहण्यात गेलं. दोन्हीकडच्या शिव्या त्यांना पाठ होत्या आणि कधी लहर लागली की चालीवर म्हणून दाखवायचे.

माणसांना ते गावाच्या नावानं हाक मारत. माझं मूळ गाव डिंगोरे म्हणून मी "डिंगोरे", पारस "नारायणगाव". त्यामुळे देशांच्या नावांची त्यांना अजिबात अडचण आली नाही. "ए डिंगोरे, रशियाचं हिवाळी पीक निघालं का?" असं विचारायचे. जर्मनी म्हणजे हेडचा माजलेला बागायतदार. इंग्लंड म्हणजे स्वतःची विहीर असून कालव्यावर हक्क सांगणारा. इटली म्हणजे "नुस्ता अर्ज करतंय, पान्याची दारं धरायला कुनी न्हाई." इटलीचं इतकं नेमकं वर्णन मी दुसरीकडे कुठेही वाचलेलं नाही.

माउसला त्यांनी कधी हात लावला नाही. कालव्याचं दार उघडायची हातभर लांब लोखंडी चावी नोकरी संपली तरी त्यांच्याजवळच होती. बहुतेक खात्याला तिची आठवण राहिली नसावी. त्या चावीनं ते स्क्रीनवर दाखवत आणि मी क्लिक करी. एकदा जोशात चावी घासली आणि डेन्मार्कवर कायमचा ओरखडा पडला. पुढे त्या स्क्रीनवर खेळणारे सगळे त्याला नदी समजून वळसा घालत असत.

खेळ तपासायला आम्हाला माणसं लागत, आणि फुकट येतील तीच परवडत. त्यांत दत्तू वडापवाला होता. दोन फेऱ्यांच्या मधे जीप खाली लावून यायचा आणि जपान खेळायचा. दत्तूचा जपान प्रत्येक वेळी हरायचा. आम्ही जपानला जहाजं वाढवून दिली, हरला. विमानं दिली, हरला. शेवटी त्याच्या सैनिकांची ताकद दीडपट केली, तरी हरला. मग एके दिवशी पारसच्या चुलतभावाने जपान घेतला आणि जेवायच्या आत ऑस्ट्रेलियापर्यंत गेला. मी डोक्याला हात लावून बसले. तात्या मात्र कोपऱ्यातून म्हणाले, "जपान कमजोर नव्हता गं. दत्तूचं जहाज बघ."

बघितलं. दत्तू जहाज पूर्ण भरल्याशिवाय बंदरातून काढतच नव्हता. बारा जणांच्या जहाजात अकरा सैनिक चढले की हा बाराव्याची वाट बघत थांबायचा, तोवर अमेरिका येऊन जायची.

"मंग? रिकामी शीट घेऊन जाऊ का?" दत्तू म्हणाला. "परवडतं का राव?"

जपानची सगळी वाढीव ताकद आम्ही काढून घेतली. त्या दिवसापासून तात्या प्रत्येक आकड्याला विचारायचे, "ह्यो आकडा देशाचा का डायवरचा?" खेळाचा समतोल साधण्याबद्दल मी पुण्यात दोन वर्षं जे शिकले होते, ते सगळं या एका प्रश्नात बसत होतं.

पण मूळ दुखणं तसंच होतं. आमच्या खेळात पाळ्या बलवानापासून सुरू होत. पहिली जर्मनीची. जर्मनी पोलंडवर चालून जाई आणि पोलंडची पाळी यायच्या आत पोलंड संपलेला असे. पहिल्या दिवशी तात्यांनी पोलंड घेतला तो "ह्यो टेलचा दिसतोय" म्हणून. त्यांनी चष्मा पुसला, चावी उचलली, आणि स्क्रीनवर अक्षरं आली की तुमचा देश उरलेला नाही.

"आरं पन माझी पाळी?"

"तुमची पाळी यायच्या आधीच हरलात तात्या."

"मंग पाळीपत्रकावर नाव कशाला घातलंस?" ते खरोखरच चिडले होते. "मानूस सुकला तर सुकू दे. पन आपली पाळी घेऊन सुकला पायजे."

नंतर आठवडाभर एकच धोशा. तोही खालच्या दुकानात ऐकू जाईल अशा खड्या आवाजात. "आजबी पोलंडची पाळी चुकली!" तिसऱ्या दिवशी पारसची आई वर आली, मला बाजूला घेऊन काळजीनं विचारलं, "कोणाची चुकली गं?" आणि मी पोलंडची म्हटल्यावर तितक्याच काळजीनं खाली गेली.

शेवटी तात्यांनीच तोड सांगितली. कालव्यावर तिला शेजपाळी म्हणतात. शेजाऱ्याला लागून शेजारी, ओळीनं, आणि तात्या लावत तशी टेलपासून. आधी शेवटचा माणूस भिजवायचा, मग वर सरकत यायचं. "हेडवाल्याला कवाबी मिळतंय. त्याला मागं ठेवलं तर तो मरत न्हाई, नुस्ता बोंबलतो." आम्ही खेळात तसंच केलं. सर्वांत दुबळ्याची पाळी पहिली. पोलंड, मग बाकीचे लहान, शेवटी जर्मनी. मला वाटलं सगळा खेळ कोसळेल. उलट तो उभा राहिला. लहान देशांना खंदक खणायला, मित्र जोडायला एक एक पाळी मिळाली, आणि जर्मनीवाल्याला मिसळ खायला जायची सोय उरली नाही. पोलंड तरीही हरायचा. पण आता दुसऱ्या, तिसऱ्या, एखाद्या भाग्यवान दिवशी चौथ्या पाळीत. तात्यांना ते पुरेसं होतं. हरले की हात जोडून "झालं भिजवून" म्हणत आणि चहा मागवत.

कंपनीचं पत्र आलं. खेळ त्यांना फार आवडला होता. समतोलाचं विशेष कौतुक होतं. एकच बदल हवा होता. युद्धाची सुरुवात जर्मनीनं केली हे शाळेतल्या पोरांनाही ठाऊक आहे, तेव्हा पोलंडची पहिली पाळी काढून टाकावी. नाहीतर करार होणार नाही. पारसच्या घरचे वर्षभर आम्हाला पोसत होते. करार झाला नसता तर वरच्या खोल्यांत पाइप ठेवायचे ठरले होते.

मी तात्यांना समजावून सांगायला गेले. इतिहास, सत्य वगैरे शब्द वापरले. ते ऐकत होते.

"झालं काय ते मलाबी ठाव हाय," ते म्हणाले. "टेलचं रान सुकलं हे काय मला सांगायला पायजे? झालं ते झालं. पन पुन्ना लावताना तरी नीट लावावं का न्हाई? तू डिंगोऱ्याची, हेडची. तुला न्हाई कळायचं."

चावी उचलली आणि जिना उतरून गेले. चहा तसाच राहिला. दुसऱ्या दिवशी साडेदहा वाजले, अकरा वाजले, तात्या आले नाहीत. मी रागानं बसले आणि तीन दिवसांत पोलंडची पाळी कापून टाकली. काम दोन ओळींचं होतं. तीन दिवस मला त्या ओळींवर बोट ठेवायला लागले. पाचव्या दिवशी पाठवायचं म्हणून बसले, तर दत्तू जीप चालू ठेवूनच वर आला. तात्या पहाटे झोपेतच गेले होते.

दहाव्याला नदीकाठी आम्ही तिघंही गेलो. पिंड ठेवला, सगळे बाजूला झाले. कावळे समोरच्या बाभळीवर बसलेले होते, चांगले दहा-बारा, पण एकही खाली उतरेना. गुरुजी म्हणाले, काहीतरी राहिलंय मनात. मुलगा पुढे झाला. आईला सांभाळीन म्हणाला. कावळे जागचे हलले नाहीत. धाकट्या भावाशी बोलत जाईन म्हणाला, तेव्हा धाकट्याने डोळे पुसले, कावळ्यांनी पंख साफ केले. खात्याची चावी खात्याला परत देऊ, असंही कुणीतरी म्हणालं. त्यावर दोन कावळे उडूनच गेले. ऊन चढलं. तासभर झाला. लोक घड्याळं बघायला लागले आणि काकू, म्हणजे तात्यांची बायको, पदर तोंडाशी धरून नुसत्या बसून होत्या.

पारस माझ्याकडे बघायला लागला. दत्तूही. मला कळत होतं ते काय म्हणतायत, आणि शरमेनं माझे पाय उचलत नव्हते. पण काकूंचा चेहरा बघवेना. मी चपला काढल्या, पुढे गेले, हात जोडले, आणि शे-दीडशे माणसांसमोर म्हणाले, "तात्या, पोलंडची पाळी कापणार नाही. पहिलीच ठेवते."

कावळा आला. एक आला, मग सगळेच आले.

गर्दीत कुजबुज झाली. "पोलंड कोन म्हनायचा?" एका पावण्यानं विचारलं. "भावकीतला दिसतोय," दुसरा म्हणाला, "बिचाऱ्याचं पान्याचं कायतरी अडकलं आसंल." गुरुजींनी मला बाजूला घेऊन बजावलं, "शब्द दिलाय ताई. आता त्या गृहस्थाला पाणी दिलंच पाहिजे."

शब्द तर दिला. युरोपातल्या कंपनीला कावळा कसा समजावायचा? मी चार पानं लिहिली आणि फाडली. पारस व्यापाऱ्याचा पोरगा. त्यानं एकच वाक्य लिहिलं: "धार्मिक कारणांमुळे आम्हाला पोलंडची पाळी काढता येत नाही." आम्ही खोल्या रिकाम्या करायला घेतल्या. पाइपचा पहिला गठ्ठा वर आलासुद्धा होता. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. आपल्या श्रद्धेचा आम्ही आदर करतो, पाळी राहू द्यावी, तसदीबद्दल क्षमस्व. इतिहासापुढे आमचं चाललं नव्हतं, पण कावळ्यापुढे इतिहासाचं चाललं नाही.

खेळ निघाला. त्यातला एक शब्द इंग्रजीत करायचा राहून गेला, त्यामुळे जगभरची माणसं आता "शेजपाळी" न्याय्य आहे का यावर हमरीतुमरीवर येऊन भांडतात आणि तो कुठल्यातरी जर्मन सेनापतीचा डाव आहे असं समजतात. मी कुणाला दुरुस्त करत नाही.

गेल्या महिन्यात पोलंडमधल्या एका खेळणाऱ्याचं पत्र आलं. तो पाचव्या पाळीला हरला होता. तक्रार काही नव्हती. "पहिल्यांदा आम्हाला विचारलंत," एवढंच लिहिलं होतं. मी ते घेऊन पिंपरी पेंढारला गेले. काकू ओसरीवर शेंगा फोडत होत्या. भिंतीला खिळ्यावर ती चावी लटकलेली होती. खात्यानं अजून मागितलेली नाही. मी पत्र मराठीत वाचून दाखवलं.

"पाचवी?" काकू म्हणाल्या. "ह्यांची चौथीच्या म्होरं कधी गेली न्हाई. रोज येऊन सांगायचं मला."

"पण हरलाच शेवटी, काकू."

"हरना का," त्या म्हणाल्या आणि शेंगांचं सूप माझ्यापुढे सरकवलं. "पाळी घेऊन हरला ना?"

मला एकदम रडू आलं. मी डोळे पुसले आणि शेंगा फोडायला बसले.