कोऱ्या कपाळाचं चित्र

माझ्या चित्रांनी या मुलखाचं इतकं वाटोळं केलंय, की नांदेडात कुणाची म्हैस आटली तरी लोक आधी, मी सध्या काय रंगवून राहिलो ते विचारतात. माझ्या चित्रांचं पुस्तक आलं तेव्हा लातुरात दोन पुढाऱ्यांनी ते न वाचताच जाळलं. जाळायला प्रती कमी पडल्या म्हणून माझ्याकडंच माणूस धाडला. दिल्या मी. सवलतीत.

हे सगळं हसून पचवलं. एक मात्र पचलं नाही. आठवलं की अजून तोंडाला कडू पाणी सुटतं.

मला मुलखाचा कलंक म्हणणाऱ्यांनीच नांदेडात माझं प्रदर्शन भरवलं. फ्लेक्सवर माझं थोबाड नवरदेवासारखं गोरं करून खाली ‘मराठवाड्याचं भूषण’ छापलं. किळस आली, पण हो म्हणालो. अट एकच घातली : उद्घाटनाची समई माझी आई लावेल.

“हाव हाव, माऊलीच लावेल,” प्रदर्शन समितीचे अध्यक्ष म्हणाले.

मधोमध आईचंच चित्र होतं. फावड्याएवढे हात, कडुलिंबासारखं हिरवं तोंड आणि कोरं कपाळ. तिथं मी रंगाचं बोट लावलं नव्हतं, कच्चा कॅनव्हास तसाच सोडला होता. वडील गेले त्या दिवशी बायकांनी तिचं कुंकू पुसलं, ते मी दारातून पाहिलं होतं.

आई निलंग्याहून एसटीनं आली. अध्यक्षांनी हात जोडून तिला थेट शेवटच्या रांगेत बसवलं. मी भडकलो, तर कानाशी लागले, “सर, समजून घ्या ना. शुभ काम हाय. माऊलीला शेवटी साडीचोळी करू की!” त्यांच्या तोंडाला पेढ्याचा आणि अत्तराचा मिळून असा वास येत होता, की उकिरड्यानं नाक धरावं.

मी तोंड उघडेपर्यंत प्रमुख पाहुण्यांच्या सौभाग्यवतींनी समई लावलीसुद्धा. आमच्याकडं ट्रॅक्टर घ्या नाहीतर झेरॉक्सचं मशीन, हळदकुंकवाबिगर ते हलत नाही. बाई ताट घेऊन चित्रांना हळदकुंकू लावत निघाल्या. प्रत्येक चौकटीला एकेक बोट. आईच्या चित्रापुढं थबकल्या.

“अगं बाई, हिचं कपाळ राहिलंच की!”

आणि अंगठ्यानं रुपयाएवढं कुंकू दाबलं. टाळ्या पडल्या.

मी असा बोंबललो, की गोदावरी दोन हात मागं सरली असेल. फुंकर मारून समई विझवली. खिशातली काडेपेटी काढून आईच्या हातात दिली.

“आये, ऊठ. तू लाव.”

ती उठली, पण समईकडं गेली नाही. चित्रापाशी जाऊन तिनं पदरानं कुंकू पुसून पाहिलं. कच्च्या कापडानं ते पिऊन टाकलं होतं. निघालं नाही. तिनं काडेपेटी माझ्या खिशात परत घातली.

“ह्यांचा दिवा मला न्हाई लावायचा. निलंग्याची गाडी दाव.”

साडीचोळीचं ताट घेऊन अध्यक्ष फाटकापर्यंत धापा टाकत आले. “माऊली, सत्कार तरी घ्या!”

आईनं मागं वळूनही पाहिलं नाही.

“त्या चित्राला नेसवा,” ती म्हणाली. “त्याला चालतंय न्हवं?”